ओटी भरलेला ताग

आषाढ सरत आलेला. आभाळ राखाडी, कृष्णा गढूळ, वाटा चिखलाच्या, आणि ऊन म्हणाल तर कित्येक दिवसांत कुणी पाहिलेलं नाही. पण गावाच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका पट्टीत, पिवळाधमक उजेड पडला होता. आभाळातलं सारं ऊन जणू तिथं मुक्कामाला उतरलं होतं. त्या पट्टीत ताग फुलला होता.

पुरुषभर उंचीचा ताग. हरितदंड, सुवर्णशीर्ष, वाऱ्याच्या एका झुळकेनं अवघा वाकणारा, अवघा उठणारा. आणि त्या सुवर्णशोभेच्या बांधावर, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, राजमती उभी होती. तिला रडू येत होतं. उद्या सकाळी हे सगळं मातीत गाडायचं होतं, आणि ते ठरवलं होतं तिनंच.

पट्टी तिच्या जिवाची. नवऱ्याचा, बाळगोंडाचा, जीव उसात; हिचा वांग्यांत. कृष्णाकाठचं ते पांढरट-हिरवं, भरदार, काटेरी देठाचं वांगं. आठवडी बाजारात बायका तिच्या पाटीपाशी येऊन दुसरीकडं बघत नसत. लग्न होऊन आली तेव्हापासून ह्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं.

पण माती रुसली. खत घातलं, पुन्हा खत घातलं, पुन्हा पुन्हा खत घातलं; माती गप्प. पाणी सोडावं तर ते फरशीवर साचावं तसं वरच साचे. ढेकळावर पाय आपटला तर नख जाई, ढेकूळ जात नसे. गेल्या हंगामात वांगी आली ती गोट्यांएवढी, तीही किडकी.

"रान मेलंय हे," बाळगोंडा म्हणाला होता. "ऊस लावू या."

"एक हंगाम द्या मला," राजमती म्हणाली होती. "एकच."

"दिला. वांगी आली तर पट्टी तुझी. न्हाईतर माझा ऊस. मग रडायचं न्हाई, सांगून ठेवतो."

बाजारात तिच्या शेजारी पालेभाजी घेऊन बसणाऱ्या मालननं उपाय सांगितला. "ताग टाक. फुलावर आला की जित्ताच गाड, मातीत कुजून खत हुतंय. एक दिस हिकडं तिकडं करू नगंस बघ." राजमतीनं ऐकलं सगळं, पण मनात ठेवलं ते ताग टाकण्याचं. गाडण्याचं पुढचं पुढं बघू म्हणाली. माणसाचा कान असाच असतो; सोयीचं तेवढं आत घेतो आणि बाकीचं दारात उभं करतो.

वैशाखात ताग पेरला. गाव हसलं. वांगी सोडून दोरखंडाचा धंदा काढला काय, म्हणून पाणवठ्यावर चेष्टा झाली. ताग मात्र कुणाचं न ऐकता वाढत गेला. श्यामल झाला, सघन झाला, खालच्या मातीवर त्यानं शीतल छाया धरली, तण दडपलं. एक रोप उपटून राजमतीनं पाहिलं तर मुळांना बारीक गुलाबीसर गाठी, आणि गाठींना चिकटून भुसभुशीत, ओलसर, कितीतरी वर्षांत न पाहिलेली माती. तिनं ती नाकाशी नेली आणि तिथंच हसली.

मग पहिलं फूल आलं, आणि तिच्या हातून ते घडलं.

तिच्या माहेरची रीत होती. पिकाला पहिलं फूल दिसलं की त्याची ओटी भरायची. वांग्याची भरत, भुईमुगाची भरत, हरभऱ्याची भरत. तिनं विचार केला नाही, आणि रीत कधी विचार करून पाळत नाहीत. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन ती गेली. पट्टीच्या वरच्या अंगाला फुललेल्या तागाच्या पायथ्याशी तिनं ओटी ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, "भरभरून ये, बाई."

उठली, आणि मगच तिच्या ध्यानात आलं. ज्याला आपण भरभरून ये म्हणालो, त्याला आता गाडायचं. पोटुशीची ओटी भरायची आणि तिलाच खड्ड्यात लोटायचं? की ओटी मातीची, आणि ताग नुसता तिचा घास? मग मागितलं ते कुणासाठी मागितलं? तिला काही कळेना. घरी येऊन तिनं आमटीत मीठ घातलं नाही, आणि बाळगोंडानंही ते बोलून दाखवलं नाही.

ठरल्या सकाळी ट्रॅक्टर आला. राजमती वरच्या बांधावर आडवी उभी राहिली.

"ओटी भरलीया मी ह्याची. न्हाई गाडायचा."

"अगं, तूच म्हणालीस न्हवं गाडायचा म्हणून?"

"म्हणाले."

"मग?"

"मला कळंना झालंय."

बाळगोंडाला तरी काय कळत होतं? फुललेलं पीक गाडताना त्याचाही हात धजत नव्हता, पण ते बोलायची त्याला लाज. शेवटी त्यानं घरोघरचे नवरे काढतात तशी तोड काढली. खालची निम्मी पट्टी आज गाडू, वरची निम्मी राहू दे.

खालची पिवळाई मातीत गेली. वरची डोलत राहिली, फुलत राहिली. फुलांच्या शेंगा झाल्या, शेंगा वाळल्या, आणि वारा आला की आतलं बी खुळखुळू लागलं. पाळण्यावरच्या खुळखुळ्यासारखा तो नाद ऐकत राजमती बांधावर बसून राही. त्या दिवसांत ती सुखात होती, हे खरं सांगितलं पाहिजे.

पुढं तागाच्या काठ्या झाल्या. मग त्याही गाडल्या आणि अख्ख्या पट्टीत वांग्याची रोपं लावली.

मार्गशीर्षातल्या निवळ उन्हात पट्टी उघडी पडली. खाली रोपं काळीशार, रुंदपर्ण, जांभळ्या फुलांनी लगडलेली. माती अशी की बोट सहज आत जावं. वर रोपं पिवळी, खुरटी, आजारी पोरांसारखी मान टाकलेली. तिथं कुदळ मारली की न कुजलेला ताग दोरासारखा पात्याला गुंडाळे. त्या काठ्या कुजवताना माती स्वतःच उपाशी राहिली होती. रोपांना काय देणार? राजमतीनं लाडानं जे राखलं होतं, त्यानंच तिच्या रोपांच्या तोंडचा घास काढला होता. हे तिला पुरतं कळलं.

खालच्या वांग्यांनी पाटी भरली. वरची वांगी गुरांनाही घालवेनात.

"खालचं तुझं," बाळगोंडा म्हणाला. "वरचं... तूच सांग. ऊस लावू?"

राजमतीनं त्या पिवळ्या रोपांकडं बघितलं. "वरच्यात फिरून ताग टाकू या. ह्या खेपेला गाड म्हणायचं ते मी म्हणीन."

"आणि न्हाई म्हणालीस तर?"

"तर लावा तुमचा ऊस."

दुसरा आषाढ आला. वरची पट्टी फुलली. पीतवसना, दीप्तिमती, गेल्या सालाहून दाट, गेल्या सालाहून देखणी. ट्रॅक्टर बांधाला लागला. राजमती पुढं झाली तशी बाळगोंडानं मान फिरवली. आता ही आडवी येणार, आणि आपण ऊस लावणार, आणि ही जन्मभर बोलणार नाही, एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं.

राजमतीनं एक फुललेला शेंडा हातात धरला. आपण मारतोय की पेरतोय, हे तिला सालभर विचार करूनही उमगलं नव्हतं. आजही उमगत नव्हतं.

"गाडा," ती म्हणाली, आणि शेंडा सोडला.

पिवळं काळ्यात गेलं. ओळीमागून ओळ, झुळकेमागून झुळूक, पिवळं काळ्यात गेलं. ट्रॅक्टर गेला, बाळगोंडा गेला. राजमती मात्र थांबली, कारण नदीपलीकडून भुंगे आले होते. काळेभोर, निळसर पंखांचे, कालच्या फुलांच्या ओढीनं आलेले. नांगरल्या मातीवर ते घिरट्या घालू लागले. खाली उतरत, ढेकळाला शिवत, पुन्हा उठत, पुन्हा उतरत.

"न्हाईत रं फुलं आता," राजमती त्यांना म्हणाली. "मीच गाडली."

ती तिथंच ओल्या मातीत बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिनं पुसलं नाही. भुंगे गुणगुणत राहिले, तिच्या पदराशी, तिच्या हाताशी, काळ्या मातीशी; शोधत राहिले, फिरत राहिले, आणि अंधारून येईतो एकही परत गेला नाही.