खांड गेली म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, गृहभेटींची. गोड बोलायची सवय मला राहिलेली नाही, हे आधीच सांगते.

माझी मालकीण शकू. रोह्याकडच्या भातशेतीवाल्यांची मुलगी. सरकारी शाळांत समाजसेविका नेमायचे ठरले, तेव्हा तिला पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले. "मुले का येत नाहीत ते घरी जाऊन विचारा आणि ऐकाल तसे लिहा." झाले! मला तिच्या हातात कोंबले आणि पेणच्या खाडीकाठी एकटीला पाठवले. अडले तर विचारायला माणूस मात्र कोणी नेमला नाही.

शकू चिखल तुडवत घरोघर गेली. तिच्या घामाने माझे कोपरे वळले, त्याचा मला अभिमानच होता.

सातवीतली पुतळी आठ दिवस शाळेत नव्हती. तिची आई हौसा दारातच म्हणाली, "खांड गेली गो! सगली मानसं बांधावर. धाकट्याला कोन बघंल?" उधाणाने बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले, की इकडे खांड गेली म्हणतात. शकूने आत बसून, पेज पीत ते नीट समजून घेतले. हौसाला शब्द दिला, "पोरीचं नाव जाऊ देणार नाय." आणि शिकवल्याप्रमाणे माझ्यात ऐकले तसेच लिहिले: 'खांड गेली म्हणून गैरहजर.'

वरच्या साहेबांनी वडखळच्या पुढे खाडीकडे कधी पाऊल टाकलेले नव्हते. ते वाचून खो खो हसले. "खांड म्हणजे साखर! साखर गेली म्हणून पोरगी शाळेत नाही? थापा!"

"साहेब, खांड म्हणजे बांधाला..."

"आता मला मराठी शिकवणार?"

आणि त्यांनी पुतळीचे नाव पटावरून कमी करायला लावले.

बांध बुजल्यावर पुतळी दप्तर घेऊन आली. हजेरीत तिचे नाव कोणी घेतलेच नाही. हौसा शकूवर धावून आली. "तुला घरात घेतली, पेज दिली, नि तूच पोरीचं नाव कापलंस गो?" महिन्याभरात शकूने काम सोडले.

आणि मी? दर प्रशिक्षणात माझे ते पान उघडून दाखवतात, अहवाल कसा लिहू नये म्हणून. सगळे हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो! मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. जिला दारोदार पाठवता, तिच्या पाठीशी उभे राहा. आणि हसण्याआधी एकाने तरी विचारा, पुतळीला शाळेत परत घेतले का?

नाही घेतले.