वादात जिंकलेली स्लाइड

सकाळी साडेदहा वाजता रक्त तपासणाऱ्या यंत्राने एका नमुन्यावर लाल खूण केली. पांढऱ्या पेशींतल्या काही त्याला ओळखता येत नव्हत्या. यंत्र गोंधळलं की काकांना गुदगुल्या होत. लॅबमधले हे सर्वांत जुने तंत्रज्ञ. ते लगेच सूक्ष्मदर्शकापाशी खुर्ची ओढून बसले.

पांढऱ्या पेशींवरचं काकांचं व्याख्यान नातेवाइकांत बदनाम होतं. न्यूट्रोफिलचं केंद्रक तुकड्यातुकड्यांचं, इओसिनोफिलमध्ये नारिंगी दाणे, बेसोफिलमध्ये काळपट दाण्यांची अशी गर्दी की केंद्रक दिसू नये, मोनोसाइट अंगापिंडाने थोर आणि लिम्फोसाइट म्हणजे जवळजवळ नुसतं केंद्रकच. काका बेसोफिलपर्यंत येईतो पाहुणे चपला शोधू लागत.

पॅथॉलॉजिस्ट मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. स्लाइड पाहून त्या म्हणाल्या, या लिम्फोसाइटच, विषाणूने चिडलेल्या. कडा बघा कशा शेजारच्या तांबड्या पेशींना बिलगल्यात. काकांना एवढं निमित्त पुरलं. चिडलेल्या पेशींत एकीसारखी दुसरी नसते, ते म्हणाले, इथे सगळ्या एका साच्यातल्या, केंद्रक मऊसूत, आत फिकट ठिपका. या कच्च्या पेशी. रक्ताच्या कर्करोगात दिसतात त्या. अर्धा तास त्यांनी मॅडमना बोलू दिलं नाही. शेवटी मॅडमनी मान्य केलं, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू म्हणाल्या. काकांची कॉलर ताठ झाली.

पाठवण्यासाठी त्यांनी नळी उचलली. लॅबमध्ये काम नंबरावर चाले, नाव फक्त नळीवर. नाव सासऱ्यांचं होतं.

त्यांनी बायकोला फोन लावला. बाबांना पंधरवडाभर बारीक ताप होता, भावाने परस्पर रक्त तपासायला नेलं, असं तिने चाचरत सांगितलं.

"मला का नाही सांगितलं?"

"बाबाच नको म्हणाले. जावईबापू तासभर पेशी समजावतील आणि ताप राहील बाजूला, म्हणाले."

काका पुन्हा स्लाइडवर वाकले. आता त्यांना बिलगलेल्या कडाच तेवढ्या दिसू लागल्या. मघाशी ज्या पेशी एका साच्यातल्या होत्या, त्यांच्यात त्यांना लहानमोठेपणा सापडू लागला. मघाच्याच तावातावाने ते मॅडमना सांगू लागले की चिडलेल्या लिम्फोसाइटच या, शंकाच नको.

"काका, आत्ताच तर तुम्ही मला उलटं पटवलंत."

"माझं काय ऐकता, मॅडम? मला वादात जिंकायची खोड आहे."

मग त्यांनी नळी पुढे केली. नाव वाचून मॅडमनी ओळखलं नाही, तेव्हा नातं सांगावं लागलं. मॅडम बराच वेळ स्लाइड पाहत राहिल्या. आता मला नक्की सांगता येणार नाही, म्हणाल्या. उभ्या नोकरीत आपण चुकलो तर बरं, असं काकांना पहिल्यांदाच वाटत होतं, आणि नेमकं आजच कुणी त्यांना चूक ठरवायला तयार नव्हतं.

दुपारी सासऱ्यांचा फोन आला. मुलीकडून सगळं कळलं होतं त्यांना.

"बोला जावईबापू, काय दिसलं? आज मला वेळ आहे."

केंद्रकापासून सुरुवात करायची सोडून काकांनी विचारलं, "ताप किती आहे आता?"

संध्याकाळी मोठ्या प्रयोगशाळेने कळवलं: नमुना पोचला, तपासणी सुरू आहे.