शेंगाची धार

"काय सत्यशीलाबाई, तुमच्या घरी आता शेंगाची धार काढतेत म्हणं?" किटली पुढं सरकवत बद्रीनाथनं विचारलं. रांगेतले सगळे हसले.

सत्यशीलानं लॅक्टोमीटर दुधात सोडला. "आमच्या धारंचं राहू द्या. तुमच्या दुधात पानी हाय. न्या माघारी."

शिरूर कासारच्या दूध संकलन केंद्रावर ती अकरा वर्षं दूध तपासत होती. तांब्याभर पाणीही तिच्यापासून लपत नसे. तरी आजचा टोला बसला. धाकटी जाऊ राजनंदिनी पुण्याहून आली ती व्हिगन होऊन. जनावराचं काही खायचं नाही, दूधसुद्धा नाही. फोनवर तिच्या पाककृती हजारो लोक बघत. तेही चाललं असतं. पण सासूबाई, केशरबाई, तिचा शेंगदाण्याच्या दुधाचा चहा पिऊ लागल्या आणि महिन्याभरात त्यांच्या पोटातली गुडगुड थांबली.

उतारवयात काहींना दूध पचेनासं होतं, हे सत्यशीलाला माहीत होतं. माहीत असून उपयोग नव्हता. अठरा वर्षं त्यांचा सकाळचा चहा तिच्या म्हशीच्या दुधाचा होता.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनी आंघोळीला गेली तेव्हा शेंगदाण्याचं दूध ओट्यावर गाळून ठेवलेलं होतं. सत्यशीलानं त्यात अर्धा पेला म्हशीचं दूध ओतलं, ढवळलं. रंग तोच राहिला.

"आज लई ग्वाड लागायलाय चहा," केशरबाई म्हणाल्या.

राजनंदिनीनं एक घोट घेतला आणि थांबली. कपाकडं बघितलं, मग सत्यशीलाकडं. उरलेला चहा तिनं मोरीत ओतला.

दुपारी केशरबाई पोट धरून पडल्या. "शेंगाचं बी सोसंना बाई."

आता ही सांगणार, म्हणून सत्यशीला दारातच उभी राहिली. राजनंदिनी ओव्याचं पाणी घेऊन आली. "दाणे खवट होते आत्याबाई. माझंच चुकलं."

पुढच्या सकाळी केशरबाई सत्यशीलाजवळ येऊन बसल्या. तिनं घाईनं दुधाचं पातेलं जवळ ओढलं.

"दूध नगं गं. कुणाचंच नगं. कोरा दे."

तिनं कोरा चहा गाळून दिला. बाहेर दोरीवर राजनंदिनीचं गाळायचं फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं. पातेल्यातलं दूध निवत गेलं. त्याच्यावर जाड साय धरली.