चंद्राने खाल्लेला हात

मी ओतिलिया. मेक्सिकोतल्या केरेतारोच्या बाजारात कोंबड्या कापते. दिवसभर आतडी उपसते, पित्त फुटलं तर हात पुसते आणि पुढची कोंबडी घेते. पण माझ्या बहिणीची सासू, दोन्या क्रेसेन्सिया, दिसली की मला मळमळतं.

यादिरा, माझी धाकटी बहीण, पोटुशी होती. सोनोग्राफीत दिसलं, गर्भपिशवीच्या आतल्या पडद्याचा एक धागा सुटून बाळाच्या मनगटाला आवळून बसलाय. मनगटापुढचा पंजा सुजलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त अजून पोचतंय, पण असंच राहिलं तर पंजा गळून पडेल. पोटातून बारीक नळी घालून लेझरने धागा तोडता येतो. मात्र पाणमोट फुटली तर बाळालाच धोका. ठरवा."

घरी आलो तर सासू दारातच. सगळं ऐकलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "कसला धागा न् कसलं काय! ग्रहणाच्या दिवशी पोटुशीने लाल चड्डीला सेफ्टी पिन लावून घरात बसायचं असतं, आणि ही बया पिन न लावता अंगणात कपडे वाळत घालत होती. चंद्राने खाल्ला लेकराचा हात!"

यादिराचा नवरा एलिसेओ, एवढा बाप्या माणूस, कॉफीवर फुंकर घालत बसला. शी! असल्या नवऱ्यापेक्षा खुराड्यातला कोंबडा बरा, निदान आरवतो तरी.

सासूने यादिराला आडवं केलं, दृष्ट काढतात तसं पोटावरून अंडं फिरवलं आणि पेल्यात फोडलं. नासकं निघालं. निघणारच, बाईची अंडी आठवडाभर उन्हात पडलेली असतात. "बघ! ही घाण तुझ्या पोटातली!" म्हणत तिने पेला पोरीच्या नाकाखाली धरला. यादिरा भडाभडा ओकली. आणि म्हातारीच्या चेहऱ्यावर काय समाधान! त्या समाधानाची मला अजून शिसारी येते.

"ताई, खरंच माझ्यामुळे झालं का गं?" ओकारी पुसताना यादिराने विचारलं.

"गप गं. चंद्राला दुसरं काही खायला मिळेना होय?"

"मग करते मी ऑपरेशनला सही."

कमरेखालचं अंग बधिर करून ऑपरेशन केलं. यादिरा जागी होती. मॉनिटरवर तिने धागा तुटताना पाहिला, सुजलेली इवलीशी मूठ मोकळी होताना पाहिली. पाणमोट टिकली. नंतरचे महिने ती पडूनच होती आणि पोटाला हात लावायला येणाऱ्या सासूला मी दारातूनच हाकललं.

मुलगी झाली. मनगटाभोवती खोल खाच, बोटं जराशी जाड, पण पाचही हलणारी. माझ्या हाताला कोंबडीचा वास, तरी पठ्ठीने माझं बोट घट्ट धरलं. मी तिथेच रडले.

बाळ बघायला शेजारणी जमल्या त्या दिवशी सासू नटूनथटून आली. नजर लागू नये म्हणून बांधतात ती बी लाल दोऱ्यात ओवून आणली होती. नेमकी त्याच मनगटावर, त्याच खाचेत बसवली आणि करकचून दोन गाठी मारल्या.

"खूण झाकली गेली," ती शेजारणींना म्हणाली. "उगीच लोक विचारायला नकोत."

बाळाने टाहो फोडला. बोटं जांभळी पडायला लागली.

"आई, जरा सैल कर ना..." एलिसेओ पुटपुटला.

"तू गप रे! दोरा सैल बांधला की नजर लागते."

माझं डोकंच फिरलं. मी कात्री आणायला धावले. परत आले तोवर यादिराने, जिने त्या घरात कधी वर मान केली नव्हती तिने, लेकीचं मनगट तोंडाशी धरून दोऱ्यात दात रुतवले होते. कट्कन आवाज आला. बी पलंगाखाली घरंगळली. दोऱ्याचा लाळेने भिजलेला तुकडा तिने सासूच्या पायाशी थुंकला.

"सांगा आता लोकांना," ती म्हणाली. "चंद्राने नाही, आईने चावला."

"शी! किती घाणेरडी!" सासू नाक धरून मागे सरकली.

यादिराने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती लेकीची बोटं एकेक करून चोळत होती, पुन्हा गुलाबी होईपर्यंत.