‘जेवलीस का?’चं तपासलेलं उत्तर

आमच्या प्रोग्रामिंग भाषेच्या वेबसाइटवर ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ असं एक पान आहे, ते मी सांभाळते. माझं दुर्दैव हे की मी ते फार चांगलं सांभाळलं. मोजणी शून्यापासून का होते, लूपमधून बाहेर कसं पडायचं, एका स्वल्पविरामापायी अख्खा प्रोग्राम का आडवा होतो, सगळं इतकं नीट लिहिलं की लोकांनी विचारणंच सोडलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा तर असा.

साहेब म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत नवा प्रश्न आला नाही तर पान बंद. तुम्हाला छपाई खात्यात घेऊ.” छपाई खातं म्हणजे तळघरातला एक प्रिंटर आणि त्याच्यावर रुसलेला एक माणूस.

हे मी आईला फोनवर सांगितलं. आई रोज दुपारी फोन करते आणि सुरुवात ठरलेली, “जेवलीस का?” मी “हो” म्हणून मोकळी होते, जेवलेली असो वा नसो. त्या प्रश्नाचा मला मनस्वी कंटाळा होता.

“नवा प्रश्न पानावर येतो कसा?” आईनं विचारलं.

“तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच प्रश्न लिहून पाठवला की घ्यावाच लागतो. नियमच आहे तसा.”

“एवढंच ना,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रश्नांच्या पेटीत आईचं पत्र होतं, जेवलीस का? मावशीचं होतं, जेवलीस का? आणि मावशीच्या यजमानांचं, महोदय, वरील विषयास अनुसरून, जेवलीस का?

मला वाटलं साहेब भडकतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “नियम म्हणजे नियम. उत्तर लिहा.”

मी लिहिलं, हो.

पण आमच्याकडे तपासनिसानं स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय कुठलंच उत्तर पानावर चढत नाही. हा गृहस्थ सख्ख्या आईनं दूध गरम आहे म्हटलं तरी बोट बुडवून बघेल. तो माझ्या टेबलाशी आला, खण उघडला, डबा हलवून पाहिला.

“भरलेला आहे. उत्तर चूक.”

“जेवेन नंतर.”

“मग नंतरच चढवू,” म्हणत तो खुर्ची ओढून बसला. मी मुकाट्यानं जेवले. त्यानं रिकामा डबा उजेडात धरून पाहिला आणि उत्तराखाली ‘तपासले’ असा शिक्का टाकला.

पण माणसाला रोज भूक लागते, त्यामुळे उत्तर रोज शिळं व्हायचं. मग रोज तपासणी, रोज शिक्का. वाचकांचा तर पूर लोटला. एकानं कळवलं, ‘तुमच्याप्रमाणेच करून पाहिलं, माझ्याकडे “नाही” येतंय.’ दुसऱ्यानं विचारलं, ही अडचण फक्त एकटं राहणाऱ्यांनाच येते का? साहेब खूश झाले. पान बंद होण्यापासून वाचलं. छपाई खात्यातला माणूस एकटाच राहिला.

मग एका दुपारी आईचा फोन आला. शेजाऱ्यांचा गळका नळ झाला, मावशीचा गुडघा झाला. “बरं, ठेवते,” ती म्हणाली.

“आई, काही विसरलीस का?”

“काय?”

“रोजचं.”

“ते होय. अगं, विचारण्याआधी पान बघा, असं तूच वर लिहिलंयस ना? बघते मी रोज. तुझ्या ‘हो’पेक्षा त्या शिक्क्याचा भरवसा वाटतो मला.”

दुसऱ्या दिवशीही तिनं विचारलं नाही. मग तर फोनही उशिरा यायला लागला, कधी आलाच नाही. माझं पान इतकं चांगलं झालं होतं की आईचाही प्रश्न मिटला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना.

त्या शुक्रवारी मी चाटूनपुसून जेवले, डबा धुऊन पालथा घातला. तपासनीस शिक्का टाकून चहाला गेला. मी पान उघडलं, खालचा शिक्का तसाच ठेवून ‘हो’ खोडलं आणि लिहिलं, ‘नाही’. आमच्या पानावरचं ते पहिलं खोटं उत्तर.

तपासनीस परत आला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, पालथ्या डब्याकडे पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात फोन वाजला.

“जरा थांबा,” मी त्याला म्हणाले आणि फोन उचलला.

“काय गं,” आई म्हणाली, “जेवली का नाहीस?”