दशरथरावांच्या कानातले मशीन

मी एक जुने कानाचे मशीन आहे, मित्रांनो. आकाराने भिजवलेल्या वालाएवढे. सध्या एका स्टीलच्या वाटीत पडून असते, म्हणून मला असेतसे समजू नका. स्वारगेटच्या चौकात सगळ्या बसगाड्या एकदम हॉर्न वाजवत असताना मी पर्वतीवर बसलेल्या माणसाची जांभई ऐकली आहे. खोटे वाटत असेल तर पर्वतीवर जाऊन विचारा.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथे चिमट्याने माझ्या पोटात केसासारख्या तारा भरल्या आणि मला सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात धाडले. काचेच्या कपाटात बसून मी गिऱ्हाइकाची वाट पाहत होते. एक दिवस दशरथराव आले. त्यांचा उभा जन्म बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये, इंजिनांच्या शेजारी गेला होता आणि त्यात कान कामातून गेले होते. डॉक्टरांनी मला त्यांच्या कानात बसवले. दशरथरावांनी दवाखानाभर नजर फिरवली. मग म्हणाले, "एवढं बोलतात होय लोक? माझं बरं चाललं होतं की."

सुरुवातीला माझे फार कोडकौतुक झाले. रोज मऊ फडक्याने पुसणे, रात्री डबीत ठेवणे. सून कल्याणी म्हणायची, "बाबा, बरं झालं हे मशीन आणलं. आता तुमच्याशी बोललेलं शेजाऱ्यांना कळत नाही." पुढे कौतुक ओसरले. डबी हरवली, तिच्या जागी वाटी आली. माझा सेल संपला की दशरथराव मुलाला सांगत आणि चेतन म्हणे, "बाबा, सेल म्हणजे काय कोथिंबीर आहे का, सारखी आणायला?"

दशरथरावांचा एकच जिवलग मित्र होता, उत्तरेश्वर. वर्कशॉप एक, इंजिने एक आणि बहिरेपणही एकच. दोघे बोलायला बसले की पेठेतली कबुतरे उडून लोणी काळभोरला जाऊन बसत. बायको गेल्यावर उत्तरेश्वर आपल्या मुलाकडे, आनंदकडे, न्यूझीलंडला ऑकलंड शहरात राहायला गेले. तिथे आनंदने त्यांना माझ्याहून देखणे मशीन घेऊन दिले, पण त्यांनी ते घातले नाही. कानात किडा शिरल्यासारखे वाटते म्हणाले.

चेतन आणि आनंद हेही लहानपणापासूनचे दोस्त. यंदा डिसेंबरात चेतनने ठरवले की सुट्टीत सगळ्यांनी ऑकलंडला जायचे, आनंदकडेच उतरायचे आणि बाबांनाही न्यायचे. दशरथराव इतके हरखले की शेंगदाण्याची चटणी त्यांनी स्वतः कुटली.

विमानात मी ढगापलीकडच्या दुसऱ्या विमानातल्या वैमानिकाच्या पोटात कावळे ओरडताना ऐकले. पण निम्म्या वाटेत माझा सेल संपला. "आता पोचल्यावर बघू," चेतन खाणाखुणा करून म्हणाला. ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीवाल्याने चटणी हुंगली आणि असा शिंकला म्हणे, की मेलेल्या सेलमध्येही मला ते जाणवले. पुढे तिथल्याच बाथरूममध्ये दशरथरावांनी खिशातला सेल काढून मला पुन्हा जिवंत केले.

मात्र हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. आपण ऐकत नाही असे समजून लोक काय बोलतात, ते ऐकायची त्यांना भारी खोड होती. मलाही त्यात मजा वाटे.

आनंदच्या घराच्या दारातच उत्तरेश्वर उभे होते. "जय भीम, दशरथा!" ते गरजले. दोघांनी मिठी मारली, तेव्हा मी दोन्ही छात्यांमधली धडधड ऐकली. उत्तरेश्वरांच्या खोलीत बांधून ठेवलेली बॅग होती. त्यांनी ती थोपटून दाखवली.

"तुझ्यासंग येतोय मी पुण्याला. आनंद म्हणाला, आता काकांकडंच राहा. तुझ्या खोलीत माझी गादी टाकायची. घोरतो मी, पण तुला काय फरक पडतोय?"

दशरथरावांना यातले काही ठाऊक नव्हते. तरी त्यांनी हसून मान हलवली. त्यांना वाटले, चेतनने आपल्याला चकित करायचे ठरवले असेल.

चहाला सगळे हॉलमध्ये बसले. दोघे म्हातारे एका सोफ्यावर. आनंदची बायको अपेक्षा खालच्या आवाजात बोलू लागली, तसा चेतन म्हणाला, "मोकळेपणानं बोला, वहिनी. बाबांचं मशीन बंद आहे आणि काकांना तसंही ऐकू येत नाही."

आता पुढचे मी जसेच्या तसे सांगते, मित्रांनो. यात एक तीळ वाढवलेला नाही.

अपेक्षा म्हणाली, "आमचे बाबा दोनदा शेगडी चालू ठेवून झोपले. माझी ड्यूटी हॉस्पिटलात, हे दिवसभर ऑफिसात. घर पेटलं असतं."

"व्हिसाही वाढत नाहीये," आनंद म्हणाला. तो बापाकडे बघत नव्हता. "लोणी काळभोरच्या पुढं एक वृद्धाश्रम बघितलाय. तुम्ही फक्त तिथं सोडा. तुमच्याकडं राहायचं म्हटलं नसतं तर बाबा हललेच नसते."

"सोडतो की. त्यात काय?" चेतन म्हणाला. "दोन खाटांची खोली आहे ना? दुसरी खाट कुणाला देऊ नका म्हणावं. आम्हालाही आज ना उद्या लागेलच."

"चेतन, काहीतरीच काय?" कल्याणी म्हणाली.

"काहीतरी काय? घरात जागा किती आहे, तूच सांग."

कल्याणीने बशीतले बिस्कीट उचलले.

दशरथरावांच्या कानातली शीर माझ्या अंगावर उडत होती. शेजारून उत्तरेश्वरांनी कोपर मारले. "काय म्हणतायत रे पोरं?"

"चहा गार होतोय म्हणतायत," दशरथराव ओरडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन चालू झाल्याचे घरात जाहीर केले. बिचारे घर लगेच गोड बोलू लागले.

मागच्या अंगणात लिंबाचे झाड होते. तिथे दोघे रोज खुर्च्या टाकून बसत. उत्तरेश्वर बेत सांगत. सकाळी डेपोच्या दारात उभे राहायचे, कुठल्या गाडीचे इंजिन दुखते ते ओळखायचे. दशरथराव खुर्ची जवळ ओढत आणि हळू आवाजात म्हणत, "उत्तरेश्वरा, ऐक..."

"मोठ्यानं बोल की."

बघा मित्रांनो, बहिऱ्या मित्राला गुपित सांगता येत नाही. जे सांगायचे ते ओरडून सांगावे लागते, आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी असे. लिहून दाखवावे तर मोतीबिंदूमुळे उत्तरेश्वरांना अक्षर लागत नव्हते. अर्थात, मनात असते तर समुद्रावर नेऊन सांगता आले असते. तिथे कितीही ओरडले तरी पक्ष्यांशिवाय कुणी ऐकले नसते. एकदा सगळे समुद्रावर गेलेही. दशरथराव मित्राचा हात धरून पाण्याकडेने पार लांबवर गेले, तोंड उघडले आणि "वारा लई हाय" एवढेच ओरडून परत फिरले. कानात राहणाऱ्यापासून काय लपते? त्यांना ती दुसरी खाट दिसत होती. मित्राची बाजू घेतली तर उद्या आपली बॅग कोण बांधेल, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

परतीच्या विमानात उत्तरेश्वर खिडकीपाशी बसले आणि सगळ्यांना आपली जागा दाखवत राहिले. मुंबईहून गाडी केली. दुपारी गाडी स्वारगेटला आली. डेपो दिसताच उत्तरेश्वर ताठ बसले. "आलं घर. वळव रे बाबा."

गाडी वळली नाही. "काका, एका ठिकाणी जाऊन मग घरी," चेतन मागे वळून ओरडला. कल्याणी खिडकीतून बाहेर बघत होती.

हडपसर मागे पडले. सोलापूर रस्ता लागला, उसाच्या गाड्या दिसू लागल्या. उत्तरेश्वरांनी दशरथरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तेव्हा दशरथरावांनी मला कानातून काढले आणि मुठीत घट्ट धरले.

मूठ बंद असली तरी मी चालूच होते, मित्रांनो. मी ऐकले.

"दशरथा, घर मागं राहिलं. सांग ना त्याला." थोड्या वेळाने, "दशरथा, तू तर ओळखतोस ना रस्ता?" मग गाडी एका फाटकातून आत शिरली, बॅग उतरवल्याचा आवाज झाला. "तू उतरत नाहीस का रे?"

मुठीला घाम सुटला होता. त्या घामाने माझ्या पोटातल्या तारा गंजल्या.

तेव्हापासून दशरथरावांनी मला कानात घातलेले नाही. कल्याणी विचारते, "बाबा, दुरुस्त करून आणू का?" त्यांना ऐकू येत नाही, किंवा येत नाही असे ते दाखवतात. या दोन्हींतला फरक ओळखणारे मशीन अजून कुणी बनवलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला घामापासून, पाण्यापासून जपा. सेल वेळेवर बदला. आणि कुणी म्हातारा माणूस तुम्हाला हाक मारत असेल, तर ती पहिल्याच हाकेला ऐका. माझा एक भाऊबंद, म्हणजे उत्तरेश्वरांचे ते देखणे मशीन, ऑकलंडच्या एका खणात नवे कोरे पडलेले आहे. आनंदने ते सोबत द्यायचे ठरवले होते, पण गडबडीत विसरला. त्यामुळे वृद्धाश्रमातल्या त्या खोलीत कुणी भेटायला आलेच, तर त्याला फार मोठ्याने बोलावे लागेल.

अजून कुणी गेलेले नाही.