एक गोष्ट, एकच जागा

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण मला ना पुठ्ठा ना शिवण. मी संगणकात राहते. माझ्या पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. अशा वहीला विकी म्हणतात.

माझी मालकीण ग्रंथपाल. आधी ती तारखेप्रमाणे लिहायची, मग विषयवार, मग माणसांप्रमाणे. दर सुटीत माझे विंचवाचे बिऱ्हाड! तिच्या मैत्रिणी माझे कौतुक करत, तेव्हा मी फुशारून जाई. पण प्रत्येक आवराआवरीत काही ना काही भलत्या जागी पडे.

शेवटी तिने मला वाचनालयातला नियम लावला: एक गोष्ट, एकच जागा. तळ्यावरच्या सहलीत अंगदुखीची गोळी घेतल्यावर तिच्या बाबांचे ओठ सुजले होते. ही नोंद 'बाबा' आणि 'सहली' अशा दोन्ही पानांवर होती. तिने बाबांच्या पानावरची पुसली.

परवा बाबा तापाने फणफणले. दवाखान्यात त्यांना धड बोलताही येईना. नर्सने विचारले, "यांना कुठल्या औषधाचा त्रास होतो का?"

मालकिणीने मोबाइलवर मला उघडले. बाबांच्या पानावर चष्म्याचा नंबरसुद्धा होता, पण औषधाच्या त्रासाबद्दल अक्षरही नव्हते. तिने 'ॲलर्जी' शब्द शोधला. तो तिने कधी लिहिलाच नव्हता. मी उत्तर दिले, 'काही सापडले नाही.' मला सगळे ठाऊक होते, पण विचारले तेवढेच मला सांगता येते. मालकिणीने नर्सला 'नाही' सांगितले आणि नर्सने सुई भरली.

इतक्यात खाटेशेजारी बसलेली तिची आई म्हणाली, "अगं, तळ्यावर गेलो होतो तेव्हा नाही का यांचे ओठ सुजले? कुठलीशी गोळी घेतली होती."

मालकिणीने सहलीचे पान उघडून गोळीचे नाव वाचले. नर्सने सुई खाली ठेवली. "हे तेच औषध आहे. फक्त नाव वेगळं."

मालकिणीने ती ओळ 'ॲलर्जी' शब्द जोडून बाबांच्या पानावर सर्वांत वर लिहिली, सहलीतलीही राहू दिली. आईने विचारले, आता सापडेल ना? मालकिणीने मोबाइल आईच्या हातात दिला आणि तिलाच शोधायला लावले.

मित्रांनो, वही नीटनेटकी जरूर ठेवा, पण घाबरलेला माणूस कुठे शोधेल याचा आधी विचार करा. माझी अजून तीन हजार पाने आहेत. त्यांत काय काय भलत्या जागी पडले आहे ते मला माहीत आहे, आणि अजून मला कोणी विचारलेले नाही.